बॅरिअर असे बसवा

डायव्हर्जनचे काम मिळाले? अभिनंदन! आता काँक्रीटचे बॅरिअर लागतील, पण त्यासाठी फार डोके चालवू नका. साच्यात उरलेसुरले काँक्रीट ओता, पाणी मारलेच पाहिजे असे नाही, वरून पिवळे-काळे पट्टे ओढा. दुरून जर्सी बॅरिअरसारखे, म्हणजे खाली पसरट उतार आणि वर निमुळते, दिसले म्हणजे झाले. अमेरिकेत छोट्या गाड्या खालच्या उतारावर चढून उलटतात असे दिसल्यावर तो उतार जमिनीपासून ३३ सेंटिमीटरवर संपायचा, तो २५वर आणला. एवढा कीस कोण काढणार? आपला साचा पोचे येऊन येऊन कधीच तिसऱ्या आकाराचा झालेला असतो.

मुख्य म्हणजे ठोकळे एकमेकांना जोडू नका. तिकडे प्रत्येक ठोकळ्याच्या टोकाला सळईच्या कड्या ठेवतात, शेजारच्या कड्या त्यांवर आणून वरून जाड पिन सोडतात. मग एकाला बसलेला दणका सगळी रांग वाटून घेते आणि गाडी घासत पुढे निघते. आपल्याकडे पिन टाकली तर सकाळी ती भंगारवाल्याच्या काट्यावर. शिवाय सुट्या ठोकळ्यांच्या फटीतून दुचाकीवाल्यांची सोय होते, ते पुण्य वेगळेच.

क्रॅश टेस्टचा विषय कुणी काढलाच तर चहा मागवा. अमेरिकेच्या 'मॅश' नियमावलीत तिसऱ्या पातळीच्या चाचणीला २२७० किलोचा पिकअप ताशी १०० किलोमीटरने, २५ अंशांच्या कोनात रांगेवर सोडतात. ११०० किलोची छोटी गाडीही तशीच. मग गाडी उलटली का, रांग किती सरकली, हे मोजत बसतात. केवढा हा खर्च! आपल्याकडे चाचणीची गाडी रात्री अडीचला आपणहून येते, स्वतःच्या डिझेलवर, आत माणसांसकट.

त्या चाचण्यांतून एक भलतेच निघाले: जमिनीत न ठोकलेली रांग, नीट जोडलेली असली तरी, दोनेक मीटर मागे सरकू शकते. म्हणून मागे तेवढी जागा मोकळी सोडायची म्हणे. महामार्गालगतची जागा आणि मोकळी? तिथे मजुरांची ताडपत्री ताणा. बॅरिअरवर कपडे वाळतात, दुपारी पाठ टेकून डबा खाता येतो.

पहिला ठोकळा मात्र येणाऱ्या गाडीच्या नाकासमोरच हवा, उघडा आणि ताठ. रांगेचे टोक तिरके करत रस्त्यापासून लांब न्या, नाहीतर पुढे धक्का शोषणारे काही बसवा, असे पुस्तकी लोक सांगतात. आपण डांबराचा रिकामा पिंप ठेवावा, त्यात बाभळीची फांदी, फांदीला लाल चिंधी. रेडियम लावायचेच तर साहेबांच्या पाहणीच्या आदल्या संध्याकाळी.

एवढे करूनही कुणी धडकलाच, तर घाबरू नका. 'चालकाचा ताबा सुटला' हे वाक्य तयारच असते. हायड्रा क्रेन बोलवा, ठोकळा जागेवर आणा, फुटलेली बाजू खड्ड्याकडे फिरवा आणि भेगेवरून पिवळ्या रंगाचा एक हात मारा. बिलात दोन लिहा.