गाठ काढली हो, पण कुणी काढली ते विचारलंच नाही

मागच्या वर्षी मावशीच्या हाताला छातीत गाठ लागली. वय ५४. तालुक्याच्या गावातल्या सर्जननी हात लावून बघितलं आणि म्हणाले, छोटीच आहे, उद्या उपाशीपोटी या, काढून टाकू. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नाही, सुईची तपासणी नाही. तासाभरात मावशी बाहेर, आम्ही खूश. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, कॅन्सर.

मग परळ. टाटाला गाठीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) तपासायला दिले, मुक्काम दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. ओपीडीत एक तरुण डॉक्टर होत्या, फार तर तिशीच्या, त्यांनी विचारलं, "गाठीला टाके घालून पाठवली होती का?" मला ओ की ठो कळेना. त्यांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या कागदावर एक गोल काढला आणि दोन दोरे दाखवले, आखूड टाका वरच्या बाजूला, लांब टाका काखेच्या बाजूला, म्हणजे पॅथॉलॉजीवाल्यांना कळतं कुठली कड कुठली, आणि एखाद्या कडेला कॅन्सर राहिला असेल तर परत नेमकं तिथेच जाता येतं. मावशीची गाठ डबीत चार तुकड्यांत आली होती. कसली कड आणि कसलं काय. शेवटी पूर्ण स्तन काढावा लागला. आधी सुईने बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणी, झाली असती तर कदाचित वाचवता आला असता, असं त्या म्हणाल्या, तेही अगदी हळू आवाजात, गावच्या डॉक्टरांना एक शब्द न बोलता.

आता मला त्या गावच्या डॉक्टरांना खलनायक करायचं नाहीये. रात्री दोनला अपेंडिक्स घेऊन गेलं तर तेच उठतात. पण एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग सर्जन व्हायला एमएसची ३ वर्षं, एवढं शिकून माणूस कॅन्सरच्या गाठीला आधी बायोप्सी न करता हात घालत असेल तर शिकवण्यात काहीतरी राहिलंय ना? खास कॅन्सर सर्जन व्हायला त्यापुढे अजून ३ वर्षं एमसीएच करावं लागतं, त्यासाठी पुन्हा नीटची वेगळी परीक्षा. हा कोर्स चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये १९८४ ला सुरू झाला, कॅन्सरतज्ज्ञ डॉ. व्ही. शांता यांनी आयुष्यभर सांभाळलेली ती संस्था. तिथे फक्त कापायला शिकवत नाहीत. कधी कापायचं नाही, आधी केमो कुणाला, रेडिएशन कुणाला, हे ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, चार जणांसमोर बसून ठरवायला शिकवतात. माझ्या मते खरं ट्रेनिंग तेच.

पण एमसीएचवाले सगळ्या तालुक्यांना पुरणार आहेत का, नाही. पहिली गाठ जनरल सर्जनकडेच जाणार. एमएसच्या पोरांना आता ३ महिने जिल्हा रुग्णालयात पाठवतात, चांगलं आहे, मग तसेच ३ महिने कॅन्सर हॉस्पिटलला सक्तीचे का नाही? आणि लॉगबुक, म्हणजे शिकताना केलेल्या ऑपरेशनांची नोंदवही, खरं तपासा राव. एक रेसिडेंट मित्र हसत सांगतो की आमचं लॉगबुक म्हणजे बारावीचं जर्नल, सबमिशनच्या आदल्या रात्री भरायचं. किती ऑपरेशनं नुसती बघितली आणि किती स्वतःच्या हाताने केली हा हिशोब कोण ठेवतं?

अजून एक. त्या शाखेची खास पदवी नसताना स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही, असं २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिलंय. तरी एस. टी. स्टँडसमोरचे बोर्ड वाचा एकदा, "मूळव्याध, हर्निया, कॅन्सर, सर्व इलाज". तेव्हा पाटी नको, डिग्री वाचा आणि तोंडावर विचारा, कॅन्सरची किती केलीत. चांगला डॉक्टर रागवत नाही, उलट पुढे पाठवायचं असेल तर स्वतःच चिठ्ठी देतो.

मावशी बरी आहे. केमो संपली, केस आले, कुरळे आलेत म्हणून स्वतःच हसते. तो गोलाचा कागद तिने फाईलमध्ये जपून ठेवलाय. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंना गळ्याला गाठ निघाली, तर ही कागद घेऊन त्यांच्या दारात. गळ्याच्या गाठीला त्या चित्राचा काय उपयोग देव जाणे, पण काकू दुसऱ्या दिवशी आधी सुईच्या तपासणीला गेल्या.