पंप बंद पडल्यावर अभियंत्याने काय करावे

अभियांत्रिकीची पदवी घेऊन तुम्ही नुकतेच एखाद्या कारखान्याच्या देखभाल विभागात रुजू झाला असाल, तर सर्वप्रथम अभिनंदन. यंत्र कसे चालते हे तुम्हाला चार वर्षे शिकवले गेले आहे. ते बंद पडल्यावर कोणाच्या अंगणात ढकलायचे, हे मात्र कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख.

उदाहरण अगदी साधे घेऊ. थ्री-फेज मोटारीवर चालणारा, थंड पाण्याच्या लाइनवरचा एक सेंट्रिफ्यूगल पंप (पाणी गरगर फिरवून बाहेर फेकणारा) सकाळपासून तिसऱ्यांदा ट्रिप झाला आहे, म्हणजे संरक्षक यंत्रणेने तो आपोआप बंद पाडला आहे. तुम्ही इलेक्ट्रिकलचे असाल तर घाईने पॅनेल उघडू नका. आधी चारचौघांच्या देखत टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावा आणि पूर्वी 14 अँपिअर घेणारा पंप आता 18 घेतो आहे, हे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवा. मग ‘लोड वाढला आहे’ एवढेच म्हणा आणि हात झटका. कोणी हटूनच बसला तर कपलिंग, म्हणजे मोटार आणि पंप यांचे शाफ्ट जोडणारा सांधा, सोडवून मोटार एकटी चालवून दाखवा. ती चालतेच, कारण तिला तेव्हा काहीच काम नसते.

तुम्ही मेकॅनिकलचे असाल तर कपलिंग सोडवलेल्या या क्षणाचा पुरेपूर फायदा घ्या. पंपाचा शाफ्ट हाताने फिरवा, जमल्यास दोन बोटांनीच फिरवा, आणि तो लोण्यासारखा फिरतो आहे याला साक्षीदार ठेवा. मिनिटाला 1,450 फेरे मारणारा, पाण्याने भरलेला पंप आणि तुमच्या दोन बोटांनी अर्धा फेरा घेणारा पंप यांत काही फरक असू शकतो, हा विचार मनात आला तरी ओठांवर आणू नये. अशा रीतीने मोटार निर्दोष ठरते, पंपही निर्दोष ठरतो आणि दोष उत्पन्न होतो तो फक्त दोघांना जोडल्यावर. दोन्हीकडची मंडळी सालस आणि सोयरीक तेवढी वाईट. उरला प्रश्न कपलिंगचा. त्याचा मोटारीकडचा अर्धा भाग इलेक्ट्रिकलचा आणि पंपाकडचा अर्धा मेकॅनिकलचा, हे परंपरेने मान्य झालेले आहे. मधल्या रबरी बुशांना वाली नाही. ते स्टोअरने हलक्या प्रतीचे मागवले, असे दोन्ही खात्यांनी एकमताने सांगावे. एरवी दुर्मीळ असलेला आंतरशाखीय समन्वय येथे सहज साधतो.

सिव्हिलवाल्यांना फाउंडेशनच्या ग्राउटिंगबद्दल, म्हणजे पंपाखालच्या पोकळीत भरलेल्या सिमेंटबद्दल, विचारण्यात अर्थ नाही. क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून मजबुती पाहण्याच्या चाचणीचा, 28 दिवसांचा निकाल त्यांच्या फायलीत सुरक्षित असतो आणि पंप थरथरत असला तर तो त्या निकालाचा अवमान असतो. इन्स्ट्रुमेंटेशनचे म्हणणे याहून सोपे: सेन्सर दिसते तेच सांगतो. सॉफ्टवेअरवाला पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक, एकदा बंद करून पुन्हा सुरू करेल, आणि त्यानंतर योगायोगाने पंप दहा मिनिटे चालला तर तो घरी निघून गेलेला असेल.

प्रॉडक्शनवर खापर फोडण्याचा मार्ग नेहमी खुला असतो, आणि गंमत म्हणजे तो शास्त्रशुद्धही आहे. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की असा पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त करंट खेचतो. व्हॉल्व्ह आवळला की करंट उतरतो. ऐकणाऱ्याला हे नेमके उलट वाटते, म्हणून सांगताना चेहरा गंभीर ठेवावा.

श्रेयाच्या बाबतीत मात्र हेच नियम उलटे वापरायचे असतात. दरवर्षी 15 सप्टेंबरला, म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, कारखान्यात अभियंता दिन साजरा होतो. पुण्यात शिकलेल्या या गृहस्थांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे 1903 साली खडकवासल्याला बसवले गेले. भाषणांत सिव्हिलवाले धरणावर बोलतात, मेकॅनिकलवाले दरवाजांवर आणि इन्स्ट्रुमेंटेशनवाले ‘स्वयंचलित’ या एका शब्दावर पाऊण तास. ते दरवाजे कधी अडकले असते तर त्यांचे वारसदार इतके निघाले नसते.

कागदाचे महत्त्व शेवटी सांगतो, कारण ते सर्वांत मोठे आहे. 1999 साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका संघाच्या सॉफ्टवेअरने आवेग, म्हणजे इंजिनाने दिलेल्या धक्क्याचे माप, पाउंड-सेकंदांत दिला होता, दुसऱ्या संघाने तो न्यूटन-सेकंद समजून वापरला, आणि दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. आकड्यांत काहीतरी चुकते आहे अशी शंका वाटेतच काही जणांना आली होती, पण ती रीतसर नोंदवली न जाता अनौपचारिक बोलण्यातच राहिली. यावरून एखादा भाबडा अभियंता दोन खात्यांनी एकमेकांशी बोलावे असा निष्कर्ष काढील. तुम्ही तसे न करता, आपल्या आकड्याखाली एकक लिहून त्याची पोच घ्यावी आणि समोरच्याला हव्या त्या ग्रहावर जाऊ द्यावे.

आता आपल्या पंपाकडे वळू. दाब वाढवण्यासाठी गेल्या महिन्यात त्यात मोठा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारे आतले चाक, बसवला, ही नोंद मेकॅनिकलच्या रजिस्टरात आहे. त्यासाठी 10 हॉर्सपॉवरची मोटार काढून 15 ची दिली, ही नोंद स्टोअरच्या रजिस्टरात आहे. ओव्हरलोड रिले, म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटार बंद पाडणारे उपकरण, जुन्या मोटारीच्या हिशेबाने 14 अँपिअरवर लावलेला आहे, ही नोंद इलेक्ट्रिकलच्या रजिस्टरात आहे. तिन्ही रजिस्टरे व्यवस्थित असून प्रत्येकावर साहेबांची सही आहे. सकाळच्या बैठकीत या प्रकरणावर सव्वा तास चर्चा झाली, माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती फळ्यावर काढली गेली आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला दुसऱ्याच खात्याचे नाव आले.

रात्री दोनच्या सुमारास थर्ड शिफ्टचा फिटर आणि वायरमन एकाच थर्मासमधला चहा घेऊन पंपाशी आले. मोटारीच्या नेमप्लेटवर चढलेले ग्रीस फिटरने केरोसीनच्या चिंधीने पुसले आणि अँपिअरचा आकडा मोठ्याने वाचला. पॅनेलपाशी उभ्या असलेल्या वायरमनने तो ऐकला, मेन स्विच बंद केला आणि रिलेची चकती 20 वर आणली. मोटारीला फिटरचा हात लागला होता आणि सेटिंग साहेबांच्या परवानगीविना बदलले होते, त्यामुळे लॉगबुकात दोघांनी विचार करून ‘पंप आपोआप सुरू झाला’ असे लिहिले. सकाळी तुम्ही त्याखाली बिनदिक्कत सही करावी. फक्त ती आपल्या खात्याच्या रकान्यात पडणार नाही एवढी काळजी घ्यावी.