पेठेतली माडी इंग्रजांची नव्हे

आठवडाभर गावातल्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. पेठेतल्या जुन्या कापूस-अडतीच्या माडीचे दोन फोटो, खाली मजकूर : ‘१८४० साली इंग्रजांनी बांधलेलं गोदाम. पुरावा, गर्डरवरचं इंग्रजी नाव. सिमेंटचा कण नाही, नुसता गूळ आणि अंडी, म्हणून अजून उभं. आता सिमेंटचा गिलावा केला की आणखी शंभर वर्षं हलत नाही.’

आधी गर्डर. त्यावर ‘डॉरमन लाँग’ असं उमटलेलं आहे. इंग्लंडातल्या मिडल्सब्रोची ही लोखंड-पोलादाची कंपनी निघालीच १८७०च्या दशकात. म्हणजे पुरावा म्हणून जोडलेला फोटोच १८४० खोटं पाडतो. आपलं वऱ्हाडही निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेलं ते १८५३ला. आणि टाटाची सळई घातली म्हणून घर काही टाटांनी बांधलेलं नसतं! रेल्वे १८६७ला नागपूरला पोचली, १८७०ला खामगावचा फाटा सुरू झाला. इकडून रुईच्या गठानी जायच्या, तिकडून असलं जड लोखंड यायचं. शिवाय माडीची घडण पाहा : समोर ओटा, फळ्या लावून बंद होणारं दुकान, आत गादी, मागं मालाची खोली. ही सोय अडत्याची, साहेबाची नव्हे.

चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालायचे हे खरं. पण भिंत धरली ती चुन्यानं. भट्टीत भाजलेला चुना विझवायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून बैल जुंपलेल्या घाणीत मळायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश पुन्हा दगड होतो. सुरखीमुळं ओलीतही पकडतो. यात गुपित कसलं? घाणी गेली आणि थांबायची तयारी गेली, एवढंच.

‘अजून उभं’ म्हणाल, तर पडलेल्या माड्यांचे फोटो कोण टाकतं?

खरा घात शेवटच्या ओळीत आहे. चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते, उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट चोपडलं की ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचा भुगा होतो आणि भिंतीत घुसलेली सागवानी तुळयांची टोकं कुजतात. बाहेरून मात्र सगळं टणक दिसतं. माडीच्या मागच्या भिंतीला कुणीतरी कमरेएवढा गिलावा आधीच केलाय. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तिथं बोटानं ठोकून पाहावं. पोकळ वाजतं.