खुलासा : तुरुंग दाखवला की पोरं सरळ होतात?

‘वाया चाललेल्या पोरांना एकदा तुरुंग फिरवून आणा, आपोआप सरळ होतील’ असा मेसेज फिरतोय. हा प्रयोग होऊन गेलाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत, न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात, जन्मठेपेचे कैदी पोरांच्या अगदी तोंडाजवळ येऊन ओरडायचे, आत काय भोगावं लागतं ते शिव्यांसकट ऐकवायचे. पोरं टरकायची, हे खरंच. पण अशा उपक्रमांच्या ९ चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ने (संशोधनांचे पुरावे एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) घेतला तेव्हा उलटंच दिसलं : तुरुंग पाहून आलेल्यांच्या हातून न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे घडले. शिक्षा किती कडक असावी यावर खुशाल भांडा (माझंही मत आहे, पण ते पुन्हा कधीतरी). त्यात हा मेसेज पुरावा म्हणून मात्र पुढे करू नका.