पट्टो नाय, पुठ्ठो

पोस्ट मोठी होणार आहे. ज्यांना पुढे सरकायचंय त्यांनी सरका. मला आज बोलायचंच आहे.

६ जूनच्या, शिवराज्याभिषेक दिनाच्या मिरवणुकीची तालीम चालू आहे. आज संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर आमचे मावळे रांगेने धावत आले, तिसऱ्या रांगेतल्या पोराचा खांद्यावरचा पट्टा कडीपाशी तुटला आणि तलवार म्यानासकट वाळूत पडली. बाजूला बघत उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या एका पोरीच्या पायापासून वीतभर लांब. तलवारीला धार नसते, मान्य. पण किलो-सव्वा किलो लोखंड आहे ते. पोरगी हसली. तिची आई हसली नाही.

पट्टा पाचच दिवसांपूर्वी आलेला. असे अठरा मागवलेत, नग १,४५० रुपये. खोक्यावर 'शिवकालीन अस्सल चामडे', पट्ट्याच्या आतून 'जेन्युइन लेदर'चा सोनेरी ठसा. तुटला तिथे नखाने उकरलं तर वरचा तपकिरी पापुद्रा उलगडत आला आणि खालून राखाडी भुसा निघाला. चामड्याचा चुरा खळीत कालवून त्याच्या लाद्या करतात आणि वर रंगीत प्लास्टिकचा थर चढवतात, तो प्रकार. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर, चामडं आहेच की त्यात." आहे ना. करवतीखालच्या भुशाला फणसाचं झाड म्हणायचं असेल तर आहे.

पण माझं डोकं त्याने नाही फिरवलं. आपल्याच एका पोराने फिरवलं. वाळू झटकत म्हणतो, "दादा, सोड मरे. फोटोत खय काय दिसता?"

फोटोत!

घरी आलो आणि पट्टा बाबांच्या पुढ्यात टाकला. बाबा ७४ वर्षांचे. चाळीस वर्षं बाजारात बसून चपला शिवल्या, आता हात थरथरतो म्हणून बसत नाहीत. त्यांनी पट्टा आधी उलटा केला, मग दुमडला, मग नाकाला लावला. "ह्यो पट्टो नाय, पुठ्ठो हा." एवढं बोलून परत टीव्हीकडे तोंड.

आमच्या पडवीत खुंटीला एक पट्टा लटकतोय. १९९६ चा. मी नववीत होतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांवरचं नाटक होतं आणि मी होतो तानाजी. तलवार लाकडाची, चंदेरी कागद लावलेली. पट्टा मात्र बाबांनी केला. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं, कोल्हापूरकडून येणाऱ्या मालातलं. तीस पावसाळे त्याने मालवणात काढलेत, जिथे कपाटातल्या कोटालासुद्धा बुरशी धरते. आज काढून बघितला. काळपट झालाय, कडेला मऊ पडलाय. टाका एक सुटलेला नाही.

टाका का सुटत नाही ते सांगतो, कारण एवढं तरी आपल्या पोरांना कळायला हवं. मशीन दोन दोरे वापरतं, एक वरून आणि एक खालून, मध्ये एकमेकांत अडकवलेले. एक दोरा झिजून तुटला की शेजारचे टाकेही सैल होऊन उसवू लागतात. हाताच्या शिवणीत एकच दोरा असतो, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे आपापल्या जागी घट्ट. बाबा दोऱ्याला मेण चोळायचे, आरीने भोक पाडायचे आणि दोन्ही हात बाजूला फाकवून असा ओढायचे की छाती उघडी पडायची. मी समोर बसून सुया ओवून द्यायचो. कडीपाशी कातडं दुमडून परत शिवलेलं असतं, सगळा भार तिथेच येतो. बाबांनी तिथे शिवण दोनदा मारलीय. आजच्या पट्ट्यात त्याच जागी पाच टाके मशीनचे आणि एक रिबीट, तीही पत्र्याची.

आता कोणीतरी म्हणणार, दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? बाबांचं एकच वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. "कातडा पुढसून सगळाच बरा दिसता. पाठसून बघ." आतल्या बाजूला अस्तर चिकटवलेलं असेल तर पहिला प्रश्न, कशाला चिकटवलंय, काय लपवलंय? खरं कातडं आतून केसाळ असतं, तंतू हाताला लागतात. वरून बघाल तर रंध्रं कुठे दाट, कुठे विरळ, एखादा जुना ओरखडा, किड्याने चावल्याची खूण. जनावर जगलं त्याची नोंद असते ती. बोटभर अंतरावर तीच नक्षी पुन्हा दिसली की समजायचं, छापलेली आहे.

मग कापलेली कड. सालीत कमावलेलं असेल तर कड आतपर्यंत तपकिरी. मधे निळसर राखाडी रेघ दिसली तर क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं. क्रोमचं चामडं वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, माझे ऑफिसचे बूट त्याचेच आहेत. दिवसा-दोन दिवसांत कमावून होतं, मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही. सालीचं काम आठवडे चालतं. पण क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकातली. ६ जून १६७४ ला रायगडावर ती नव्हती. 'शिवकालीन' लिहून विकता तर निदान एवढं तरी पाळा.

बाबांची अजून एक परीक्षा आहे, ती मला फार आवडते. कातड्याचा तुकडा ओला करायचा, त्यावर लोखंडी खिळा ठेवायचा आणि झोपायला जायचं. सालीचं कातडं असेल तर सकाळी खिळ्याच्या आकाराचा काळा डाग. सालीतला तुरटपणा लोखंडाशी भांडतो, असं बाबा सांगायचे. मी पुढे कॉलेजात केमिस्ट्री घेतली, तिथे टॅनिन आणि लोहाचा काळा क्षार वगैरे शिकलो. भांडणच ते.

ढाली तर विचारूच नका. त्या काळात गेंड्याच्या कातड्याच्या असत, म्हशीच्याही असत. ढालीवरची चार फुलं तुम्ही पाहिली असतील. ती शोभेची नव्हेत. आत मूठ आणि गादी बसवलेली असते, तिच्या कड्या ढालीतून आरपार आलेल्या असतात आणि त्यांच्या डोक्यावर ही फुलं. आपल्याकडच्या फायबरच्या ढालींवर फुलं डिंकाने चिकटवलेली आणि मूठ भलतीकडेच, एका स्क्रूवर. एक बरा ठोसा बसला तर मूठ हातात आणि ढाल देवबागला. गेल्या वर्षी एकाने मला 'गेंड्याची ढाल' म्हणून लिंक पाठवली होती. अरे, खरी असेल तर तू आत जाशील आणि खोटी असेल तर पैसे गेले.

आणि मनगटावरच्या त्या चामडी पट्ट्या! क्रॉस नाड्या बांधलेल्या! कुठून आल्या त्या? टीव्हीतून आल्या, दुसरं काय. मावळा कमरेला शेला गुंडाळायचा, कापडाचा. तेव्हाची चित्रं बघा, कट्यारसुद्धा शेल्यातच खोचलेली. आम्ही मात्र रोमन सैनिकासारखे रुंद पट्टे कमरेला आवळून 'हर हर महादेव' म्हणतो. ज्याला चामडं नकोच आहे, धर्म म्हणून, दया म्हणून, काहीही म्हणून, त्याने खुशाल शेला बांधावा. तोच जास्त बरोबर दिसेल.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या त्या बड्या कंपनीने, प्राडाने, कोल्हापुरीसारखी चप्पल फॅशन शोमध्ये फिरवली तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. मीही स्टेटस ठेवलं होतं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, हे आपल्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्याच महिन्यात आपला सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, रायगड हे युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा पेढे वाटले. छान. आणि ती चप्पल ज्या हाताने होते, तो हात आपल्या बाजारात छत्रीखाली बसलेला असतो, त्याच्याशी आपण पाच रुपयांवरून घासाघीस करतो. मग १,४५० देऊन पुठ्ठा मागवतो.

बरं, मान्य करतो. हाताने केलेला पट्टा महाग पडतो, वेळ लागतो, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं सहज मिळत नाही आणि चांगलं म्हशीचं शोधत फिरावं लागतं. कॉलेजातल्या पोराकडे दोन-अडीच हजार कुठून येणार? हेही मान्य. झालं मान्य करून.

आता मघाशी जे गाळलं ते लिहितो. रात्रीचे साडेअकरा झालेत, बाबा झोपलेत, म्हणून लिहितो.

ऑर्डर मीच दिली होती. अठरा पट्ट्यांची. फोटो बघून, पुढसून. कारण मंडळाच्या मीटिंगमध्ये 'कोणाकडून करून घ्यायचे' हा विषय निघाला, आणि माझ्या तोंडून बाबांचं नाव निघालं नाही. त्यांचा हात थरथरतो, हे कारण मी स्वतःला सांगितलं. खरं कारण १९९६ चंच असावं.

त्या संमेलनात नाटक संपल्यावर एका मित्राच्या आईने पट्टा हातात घेऊन विचारलं होतं, "केवढा छान रे! कुठून आणलास?" आमचा धंदा चर्मकाराचा. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मी तो कधी तोंडाने बोलायचो नाही. मी म्हटलं, "कोल्हापूरहून." आणि मागे बघतो तर बाबा उभे, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांनी मान हलवली. "होय तर. कोल्हापूरचोच."

घरी येताना त्यांनी मला भजी खाऊ घातली. त्या विषयावर आजपर्यंत एक शब्द नाही.

तर आज रात्री जेवताना मी विचारलं, पट्टे करायचे का? म्हणाले, "माझ्या हातान आता आरी सरळ जाणा नाय. मी कापून देतंय. शिवूक तू बस." सालीचं कातडं कोणाकडे मिळेल ते उद्या सकाळी ते फोनवर विचारणार आहेत. वर लावायला मेण आणि भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) घरात आहे. सहा जूनला अठरा होणार नाहीत, माझा वेग मला माहीत आहे. पाच झाले तरी पुष्कळ. पाच जण पट्टा लावतील, बाकीचे शेला बांधतील आणि तलवार हातात धरतील. आलेले पुठ्ठे परत जातील. पैसे नाही मिळाले तर ते माझ्याकडे लागले.

मिरवणूक झाली की तलवारी म्यानातून काढून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायच्या. पावसाळाभर चामडी म्यानात राहिल्या तर दसऱ्याला गंज निघेल. हे दर वर्षी सांगतो, दर वर्षी कोणीतरी विसरतो.

पहिल्या रांगेतल्या पाच जणांनी उद्या दुपारपर्यंत मापं पाठवा. कमरेचं नको. उजव्या खांद्यावरून डाव्या मांडीपर्यंत, अंगरखा घालून, सुतळीने मोजून. आणि बाबांनी सांगितलंय, अर्धे पैसे आधी.