लक्ष दुसऱ्यांच्या ओठांवर असू द्यावे

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी सोसायटीच्या आवारात राष्ट्रगीत गायलेच पाहिजे का, हा प्रश्न ज्या रहिवाशांना छळतो, त्यांनी तो खुशाल सोडून द्यावा. गाणे हे किरकोळ काम आहे. ते शाळकरी मुलांवर, वॉचमनवर आणि आठाच्या आधीच इस्त्रीचे कपडे घालून खाली उतरणाऱ्या भाडेकरूंवर सोपवावे. आपल्यासारख्या जबाबदार नागरिकाने कोण गात आहे आणि कोण नुसताच उभा आहे, यावर देखरेख ठेवावी. या कामाला गळा लागत नाही आणि शब्द पाठ असण्याचीही गरज नसते.

उभे राहण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. पुढच्या रांगेतून फक्त दोरीची गाठ सोडवण्यात गुंतलेले सेक्रेटरी दिसतात. मात्र जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मीटरच्या पेटीला पाठ लावून उभे राहिल्यास तिन्ही विंगांचे ओठ एका नजरेत येतात. नवख्या निरीक्षकाने एवढे ध्यानात ठेवावे की, ‘पंजाब सिंध गुजरात’पर्यंत आवाज बेताचा असतो, ‘मराठा’ या शब्दावर आपल्या वस्तीत तो एकदम छपराला लागतो आणि ‘द्राविड उत्कल बंग’ येईपर्यंत सोड्याच्या बाटलीसारखा बसतो. पुढे ‘तव शुभ नामे’पासून ओठ सर्वांचेच हलतात, पण आत शब्द आहेत की सुपारी, हे ओळखायला अनुभव लागतो. ‘जय हे’ला पुन्हा सगळे परततात. संपूर्ण गीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढ्यात साठ-सत्तर तोंडे तपासायची असल्याने एका तोंडावर फार वेळ रेंगाळू नये.

या कामात कायद्याची मात्र एक अडचण आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानास प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा मी मोठ्या आशेने उघडला होता. त्याच्या कलम ३ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद पाहून समाधानही वाटले. परंतु ती शिक्षा न गाणाऱ्यासाठी ठेवलेलीच नाही. जो जाणूनबुजून राष्ट्रगीत गाऊ देत नाही किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणतो, त्याच्यासाठी ती आहे. याचा अर्थ, तोंड मिटून ताठ उभा राहिलेला इसम निर्दोष ठरतो आणि त्याला मध्येच ‘ए, गा की!’ म्हणून दरडावणारा देशभक्त पकडला जाण्याचा संभव निर्माण होतो. तेव्हा शेवटचा ‘जय हे’ पूर्ण होईपर्यंत राग गिळून धरावा, हे उत्तम. राज्यघटनेकडूनही फारशी मदत नाही. १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१क मध्ये राष्ट्रगीताचा आदर करावा असे लिहिले आहे. गावे, हा शब्द लिहायचा राहून गेला आहे.

त्यातून सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी पंचाईत वाढवून ठेवली. केरळमधील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण यहोवाचे साक्षीदार या पंथाची असल्याने श्रद्धेपोटी गात नसत. एका आमदारांच्या हे लक्षात आले, विधानसभेत विषय निघाला, चौकशी झाली. मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी कोणताही अनादर केलेला नाही, असा अहवाल आला. मग जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. अहवाल वाचून त्याच्या उलट वागण्याची ही प्रशासकीय परिपक्वता न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाला उमगली नाही. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही आणि उभे राहून गप्प राहणे हा अनादर नव्हे, असे सांगून मुलांना परत घ्यायला लावण्यात आले. आपली परंपरा, तत्त्वज्ञान आणि राज्यघटना सहिष्णुतेच्या बाजूच्या आहेत, तेव्हा ती पातळ करू नका, असेही निकालाच्या शेवटी बजावले आहे. पातळ न करण्याची सूचना मुंबईत दूधवाल्यांनीही कधी मनावर घेतलेली नाही. आपणच का घ्यावी?

चित्रपटगृहात ही देखरेख अधिक रंगते, कारण तेथे अंधार असतो आणि समोरच्याची पाठच तेवढी दिसते. विरारहून चर्चगेटपर्यंत एका पायावर उभा राहून आलेला मुंबईकर ५२ सेकंदांना भिण्याचे कारण नाही; तरी तो पैसे मोजून बसायला आलेला असतो, हे त्याच्या विरुद्ध वापरावे. १९६२ च्या युद्धानंतर राष्ट्रगीत चित्रपटाच्या शेवटी वाजवत, तेव्हा प्रेक्षक दाराकडे पळत. महाराष्ट्रात २००३ पासून ते सुरुवातीला आले आणि पळण्याची सोय संपली. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर ते वाजवण्याचा आदेश दिला, दारे बंद ठेवण्यास सांगितले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ते वाजवणे ऐच्छिक करून टाकले. कुर्ल्यात २०१५ साली न उठलेल्या एका कुटुंबाला इतर प्रेक्षकांनी बाहेर जायला लावले, तेव्हा कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागली नव्हती. २०१६ मध्ये पणजीत एका गृहस्थाला न उठल्याबद्दल मागून मार बसला. पाठीच्या कण्याच्या दुखापतीमुळे त्याला उभे राहताच येत नव्हते, ही गोष्ट मागच्या रांगेतून दिसण्याची व्यवस्था नव्हती. म्हणून होतकरू निरीक्षकाने शक्यतो त्याच रांगेतले तिकीट काढावे.

आमच्या बी विंगमध्ये एक निवृत्त गृहस्थ आहेत. दरवर्षी ते सर्वांच्या आधी येतात, ओल्या फरशीवर चपला बाजूला काढून ठेवतात, हात पायजम्याच्या शिवणीला लावून ताठ उभे राहतात आणि ओठ उघडत नाहीत. यंदा मी पुरावा म्हणून त्यांचे चित्रण केले आणि समोशांची बशी हातात येताच त्यांना खडसावून विचारले, ‘काका, तुम्ही गात का नाही?’ त्यांनी हिरवी चटणी समोशावर व्यवस्थित पसरली आणि म्हणाले, ‘तुम्ही कुठे होतात? तुमचा आवाज नाही आला.’

त्यांच्या बोलण्याकडे मी अर्थातच दुर्लक्ष केले. चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्यावर मात्र एक तांत्रिक त्रुटी निदर्शनास आली. फोन माझ्या तोंडापाशी असल्याने लांबचे राष्ट्रगीत पुसट आले होते आणि स्पष्ट ऐकू येत होते ते, ‘बघ, बघ, झूम कर, ओठ बघ म्हाताऱ्याचे’, एवढेच. तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती आहे की, असे चित्रण पुढे पाठवण्यापूर्वी त्यातील आवाज आठवणीने बंद करावा.