आधी फुटपाथ, मग विमान?

आमच्या नागपूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मी आतेभावाचं कौतुक टाकलं. त्याला जन्मापासून दिसत नाही, आणि संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये त्याने मुंबईहून विमान आणून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरवलं. पहिलं उत्तर आलं, "वर्धा रोडवर डोळस माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, अन् तू विमान काय घेऊन बसला बे! आधी फुटपाथ करा." त्यावर अंगठ्यांची रांग लागली.

मी डब्लिनला राहतो, त्यामुळे "तिकडे बसून बोलणं सोपं आहे" हेही ओघाने आलंच. म्हणून तिकडचंच आधी सांगतो. जून २०२५ पासून युरोपात सुगम्यतेचा, म्हणजे सेवा आणि वस्तू अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीचा, कायदा लागू झाला. बँकसेवा, तिकिटांची यंत्रं, ई-पुस्तकं, ऑनलाइन दुकानं त्यात येतात; व्हिडिओ गेमचं नाव त्या यादीत नाही. सिम्युलेटरपुरतं बोलायचं तर डब्लिनचा अंध माणूस आणि नागपूरच्या प्रतापनगरचा माझा आतेभाऊ एकाच पंगतीला बसलेत. या बाबतीत जे काही झालंय त्यातलं बरंचसं अंध हौशी मंडळींनी आणि त्यांच्या प्रोग्रॅमर दोस्तांनी रात्री जागून केलंय.

अंध माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. सिम्युलेटरची खिडकी त्याच्या लेखी एक मुकं चित्र असते. तबकडी, काटा, बटण, काहीच त्याला वाचता येत नाही. पण काटा हलतो तो आतल्या आकड्यावर. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये सिमकनेक्ट आणि एक्स-प्लेनमध्ये डेटारेफ अशी सोय आहे, तिथून वेग, उंची, दिशा एखादा छोटा प्रोग्रॅम उचलतो आणि एनव्हीडीएसारख्या फुकट मिळणाऱ्या स्क्रीन रीडरकडून वदवून घेतो.

खरी डोकेफोड त्यानंतर. डोळा एका फेरीत सहा तबकड्या बघून येतो, कानाला मात्र एका वेळी एकच वाक्य झेपतं. उतरताना वेग, उंची, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या), चाकं सगळं एकदम बोलायला लागलं तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून सतत बदलणाऱ्या गोष्टी सुरावर सोपवतात. नाक वर गेलं की सूर चढतो, विमान कललं की आवाज एका कानाकडे सरकतो. उंची मात्र कळ दाबून विचारली तरच सांगायची. दिशेची खुंटी माऊसने फिरवायला लावणं तर छळच. आतेभावाला सरळ ३२० असं टाइप करायचं असतं, कारण तो सोनेगावच्या ३२ नंबरच्या, म्हणजे साधारण ३२० अंशांच्या दिशेच्या, धावपट्टीवर येत असतो. आणि नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच, त्यामुळे चाकं जमिनीला टेकलेली असतानाही साधा उंचीमापक हजार फूट दाखवतो. डोळसाला काचेतून जमीन दिसते. आतेभावाला जमिनीपासूनची उंची सांगणारा रेडिओ उंचीमापक वेगळा ऐकू यायला हवा.

मोठ्या प्रवासी विमानांत अजून एक गोम असते. सिम्युलेटरसाठी वेगळी विमानं बनवून विकणारे ॲड-ऑनवाले बटणांची स्थिती स्वतःच्याच कोडमध्ये कोंडून ठेवतात. त्यांनी दार उघडलं की कामं किती सोपी होतात बघा. पीएमडीजी या अशाच एका कंपनीच्या बोइंग ७३७ मधल्या उड्डाण-संगणकाचा पडदा १४ ओळींचा, ओळीत २४ अक्षरं. कंपनी ती अक्षरं बाहेरच्या प्रोग्रॅमला देते, म्हणून तो पडदा वाचून दाखवता येतो.

आता फुटपाथ. तो महापालिकेने करायचा, बटणाला नाव प्रोग्रॅमरने द्यायचं. एकाचा पैसा दुसऱ्यात जात नाही. शिवाय विमानाचा पडदा जिथे मुका राहतो तिथेच बँकेचं ॲपही मुकं राहतं, चूक एकच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत असं बजावलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. कागदावर आपण मागे नाही.

मागे आहोत ते वृत्तीत. आपल्याकडे पांढऱ्या काठ्यांचं वाटप होतं, फोटो छापून येतो, आणि काठी घेतलेला माणूस रविवारी दुपारी काय करतो हे कोणी विचारत नाही. (इकडेही सगळं सोवळं नाही. मी काम केलंय अशा एका कंपनीत सुगम्यतेच्या चेकलिस्टच्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या, पण एकाही अंध माणसाने ते ॲप उघडून पाहिलं नव्हतं.) तरी इथे "तुला ते कशाला हवं?" असं तोंडावर विचारायची लोकांना लाज वाटते, आणि एवढी लाज मला नागपुरातही हवी आहे.

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत. तिथल्या पोरांनी विमानाचं सॉफ्टवेअर करायची गरज नाही. डॅशबोर्डवर गोल मीटर काढला की त्याचा आकडा अक्षरांतही द्यायचा, बटणाला नाव द्यायचं, प्रत्येक काम कळफलकावरून होतं का ते बघायचं. हे पहिल्या दिवशी केलं तर थोडक्यात आटोपतं. दोन वर्षांनी करायला गेलं तर मॅनेजर बजेट विचारतो.

आतेभावाचं सध्या सिम्युलेटरमधल्या एका नव्या विमानाच्या कॉकपिटमधल्या टॅब्लेटशी भांडण चालू आहे. इंधन भरायचं बटण त्यातच आहे आणि ते चित्र आहे. कंपनीला मेल टाकलाय. "डोळेवाल्या पायलटलाही टाकी भरावीच लागते ना भाऊ," एवढंच त्यात लिहिलं, म्हणाला, पण इंग्रजीत जरा सभ्य करून.